चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले तर काय करावे? (खंबाटकी घाटातला अनुभव आणि चर्चा)

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझी गाडी चालता चालता बंद पडली. गाडी पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर बदलण्याची, नऊ वर्षे जुनी आहे. शेजारी पत्नी होती, मागे आई होती, वेळ दुपारी दीडची आणि एसी पूर्ण जोरात चालू होता. कोणाला काही झाले नाही. तरीही त्या मिनिटभरात मी ज्या चुका केल्या त्या इथे मांडाव्यात आणि जाणकारांकडून त्या तपासून घ्याव्यात, असे वाटल्याने हा धागा काढत आहे.

एक वळण घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास वर चढत असताना गाडीने एकदम पिकअप सोडला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी काही फरक पडेना, जणू मागून कोणी गाडी धरून ठेवली होती. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. एसीचा पंखा चालूच होता, गाण्याचा आवाजही तसाच होता, त्यामुळे इंजिन बंद झाले आहे हे मला कळायलाच दोन-तीन सेकंद गेले. कळल्यावर मी क्लच दाबला आणि किल्ली मागे घेऊन पुन्हा सेल मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. या दोन प्रयत्नांत माझी नजर रस्त्यावर कमी आणि डॅशबोर्डवर जास्त होती, आणि गाडीचा वेग मात्र चढामुळे झपाट्याने उतरत होता. मागच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला तेव्हा मी भानावर आलो आणि गाडी डावीकडे घेऊ लागलो. तोवर स्टिअरिंग जड झाले होते आणि वेग माणसाच्या चालण्याइतका उरला होता. डावी चाके साइडपट्टीवर गेली, पण गाडीचा उजवा भाग दीडेक फूट डांबरावरच राहिला.

त्यानंतर दुसरी चूक झाली. गाडी मागे सरकू नये म्हणून मी ब्रेक दाबला, जरा सोडला, पुन्हा दाबला. चौथ्या वेळी पेडल दगडासारखे कडक लागले. ब्रेकही गेले असे वाटून माझे हातपाय गार पडले. वास्तविक गाडी जागची हललेली नव्हती. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, पत्नीने चारही इंडिकेटर लावले (ते मला सुचलेच नव्हते) आणि मागच्या ट्रकच्या किन्नराने (क्लीनरने) उतरून आपणहून दोन दगड चाकांमागे लावले. चाळीस मिनिटांनी सहज म्हणून सेल मारला, तर गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाली.

आता मला असे वाटते की इंजिन बंद पडल्यानंतर चालकाच्या हातात फक्त उरलेला वेग असतो. तीच त्याची शिल्लक आहे, आणि ती मी सेल मारण्यात उधळली. आधी गाडी बाजूला घ्यावी की आधी सुरू करून पाहावी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

घाटवळण

आधी बाजूला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुणे ते कोल्हापूर हा प्रवास मी अनेक वर्षे महिन्यातून दोनदा करतो. तुमच्या प्रसंगाचा साधा हिशेब मांडून पाहतो. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. घाटाचा चढ शंभर मीटरला सहा मीटर धरला, तर क्लच दाबून सोडलेली गाडी ब्रेक न लावता साधारण ७० ते ८० मीटर जाऊन थांबते आणि त्याला १४-१५ सेकंद लागतात. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण तुमचे पहिले तीन सेकंद समजण्यात गेले, पुढचे सात-आठ दोनदा सेल मारण्यात गेले. उरलेल्या चार सेकंदांत गाडी जेमतेम सहा-सात मीटर सरकणार होती. म्हणून ती दीड फूट बाहेर राहिली.

सपाट महामार्गावर परिस्थिती अगदी वेगळी असते. ताशी ८० च्या वेगात न्यूट्रलवर आलेली मोटार अर्धा किलोमीटर तरी सहज घरंगळते. तेवढ्यात पुढे कुठे रुंद साइडपट्टी, बसथांबा किंवा ढाब्याचा मोकळा भाग दिसतो का ते पाहायला वेळ मिळतो, आणि म्हणूनच तिथे घाबरून लगेच ब्रेक दाबणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. वेग एकदा टाकला की तो परत आणायला इंजिन नाही.

पाना_पकड

माझे स्वतःचे गॅरेज आहे, त्यामुळे दोन प्रश्न विचारतो. गाडीने पिकअप सोडला तेव्हा, म्हणजे क्लच दाबण्याच्या आधी, आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) काटा कुठे होता? आणि बॅटरीचा व तेलाचा लाल दिवा केव्हा लागला, पिकअप गेला तेव्हा की क्लच दाबल्यावर?

तोवर ब्रेकबद्दल सांगून ठेवतो. पेडल कडक होणे म्हणजे ब्रेक जाणे नव्हे. बहुतेक मोटारींत ब्रेक दाबायला मदत करणारा एक डबा असतो, त्याला आम्ही बूस्टर म्हणतो. इंजिन चालू असताना त्यात निर्वात तयार होतो आणि तोच तुमच्या पायाचा जोर काही पटींनी वाढवतो. इंजिन बंद पडले तरी त्या डब्यात साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता टिकतो. तुम्ही पेडल दाबत-सोडत राहिलात की तो संपतो. त्यानंतरही पेडल आणि चाक यांच्यामधले तेल तसेच असते, ब्रेक लागतातच. फक्त सगळा जोर तुमच्या पायाला लावावा लागतो. म्हणून नियम असा की बंद इंजिनावर ब्रेक एकदाच, सावकाश आणि सलग दाबावा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नये. पेडल कडक लागलेच तर आसनावर पाठ घट्ट टेकवून दोन्ही पायांनी दाबावे.

ब्रेक खरोखर गेले तर याच्या उलटे होते. पेडल कडक होत नाही, खाली बसते. हा फरक प्रत्येक चालकाला माहीत असायला हवा आणि बहुतेकांना तो नसतो.

तिसरा_गिअर

पानापकड साहेब, प्रश्न वाचून आश्चर्य वाटले, कारण याचे उत्तर पत्नीकडे होते. ती म्हणते की गाडी चांगली पळत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर पडलेला तिने पाहिला आणि तिला वाटले की मीटरच बिघडला. लाल दिवे मात्र नंतर लागले, मी क्लच दाबला तेव्हा.

पाना_पकड

मग गाडी खोलण्याआधीच सांगतो की क्रँक सेन्सर तपासून घ्या. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा चाकेच इंजिनाला फिरवत असतात, मग ते पेटते असो वा नसो. पेट्रोलचा पंप बंद पडला असता तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. तुमचे इंजिन फिरत होते, म्हणूनच तेलाचा दाब होता आणि लाल दिवे लागले नव्हते. तरीही काटा शून्यावर होता. याचा अर्थ इंजिन फिरते आहे ही खबरच संगणकापर्यंत पोहोचत नव्हती. ती खबर देणारा सेन्सर इंजिनाच्या अंगाला बसवलेला असतो. तो म्हातारा झाला की तापल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. तुमची चाळीस मिनिटे त्यातच गेली. अशी गाडी गॅरेजमध्ये आणली की ठणठणीत चालते आणि मालक आम्हाला वेड्यात काढतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर यातच आहे. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत चाके इंजिनाला फिरवत असताना जे पेटले नाही, ते स्टार्टरने फिरवून पेटण्याची आशा फार थोडी. एकच गोष्ट घडू शकते. किल्ली पूर्ण मागे घेऊन पुन्हा पुढे नेली की संगणक नव्याने सुरू होतो आणि एखादे वेळी गाडी चालू होते. तेवढा एक प्रयत्न करायचा तर गाडी कडेला जात असताना करावा, कडेला जाण्याऐवजी नव्हे. आणि चालत्या गाडीत किल्ली ओढून बाहेर काढण्याचा प्रकार तर कधीच करू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप पडते.

उतरती_वाट

इथे मला थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. घाटातल्या चढाचा अनुभव सगळीकडे लागू होत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मी उजव्या मार्गिकेत असताना माझी ऑटोमॅटिक गाडी बंद पडली होती. डावीकडे दोन मार्गिका, दोन्हीकडे एकापाठोपाठ कंटेनर. बाजूला घ्या म्हणणे सोपे आहे, पण त्या ओळीतून मंदावत जाणारी गाडी कापत नेणे हा जिवाशी खेळ होता. मी गिअर डी (ड्राइव्ह) वरून एन (न्यूट्रल) वर आणला, बटण दाबले आणि गाडी तीन सेकंदांत सुरू झाली. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन थांबले की चाके त्याला फिरवत नाहीत, त्यामुळे पानापकड यांचे तर्कशास्त्र तिथे लागू होत नाही आणि पुन्हा सुरू करून पाहण्याला अर्थ असतो. मात्र डी मध्ये स्टार्टर फिरतच नाही, एन मध्येच फिरतो. घाबरलेल्या माणसाचा हात पी (पार्किंग) कडे जातो आणि चालत्या गाडीत पी टाकणे म्हणजे गिअरबॉक्सचा सत्यानाश.

बटणाच्या गाड्यांबद्दल एक सूचना. चालत्या गाडीत बटण किती वेळ किंवा किती वेळा दाबल्यावर काय होते, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ते पान आजच वाचून ठेवावे.

घाटवळण

उतरती वाट, तुमचा मुद्दा मान्य आहे. पण चारही इंडिकेटर तुम्ही केव्हा लावलेत? सुरू करण्याच्या प्रयत्नाआधी की नंतर?

उतरती_वाट

आधी. ते माझ्या हातून नशिबाने झाले, शहाणपणाने नव्हे.

मालवाहू

आमच्या चार ट्रकगाड्या आहेत आणि पूर्वी मी स्वतः चालवत असे, म्हणून मोठ्या गाड्यांचे लिहितो. वर ज्या ट्रकने हॉर्न दिला त्याच्या जागी बसून पाहिले तर चर्चा जरा पूर्ण होईल.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडले की टाकीत असलेली हवा तेवढीच. दर वेळी ब्रेक दाबला की ती थोडी संपते. दाब फार खाली गेला की मागच्या चाकांचे स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात आणि भरलेली गाडी जिथे असेल तिथे खिळते, मग ते वळण असो की पूल. स्टिअरिंगची मदतही इंजिनासोबतच जाते, आणि भरलेल्या ट्रकचे चाक हाताने वळवणे म्हणजे काय ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. तरीही डिझेल वाचवायचे म्हणून घाटाच्या उतारावर न्यूट्रल करणारे चालक आहेत. इंजिन गिअरमध्ये असेल तर ते स्वतःच गाडीला आवरून धरते. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, धूर निघतो आणि मग लागतच नाहीत. उतारावर इंजिन बंद पडले आणि पुढे वळण असेल, तर लहान गाडीच्या चालकानेही क्लच दाबून ठेवू नये, गिअर तसाच राहू द्यावा. बंद इंजिनसुद्धा गाडीला मागे खेचते.

आणखी एक. चढावर मोठ्या गाडीने एकदा वेग सोडला की ती पुन्हा उचलायला फार त्रास होतो, म्हणून आम्ही पुढच्या गाडीच्या मागोमाग चढत असतो. तुमची गाडी बंद पडली आहे हे आम्हाला कळावे यासाठी तुमच्याकडे फक्त ते चार पिवळे दिवे असतात, कारण ब्रेकचा दिवा लागला तरी आम्ही एवढेच समजतो की वळणामुळे दाबला असेल. आणि ज्या किन्नराने दगड लावले त्याला माझा नमस्कार, पण निघताना ते दगड तुम्ही उचलून कडेला टाकलेत ना? घाटात रात्री मोटारसायकलवाले पडतात ते अशाच मागे राहिलेल्या दगडांवर.

तिसरा_गिअर

एक उचलला. दुसरा आठवत नाही. खरे सांगायचे तर बहुतेक राहिला असावा.

जुनी_पद्मिनी

या धाग्यावर वयाचा फायदा घेऊन एक आठवण सांगतो. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी जुन्या खंडाळ्याच्या घाटात मे महिन्यात उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे नेहमीचे दृश्य होते. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगावर बसवलेला होता. चढावर इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई, पंप वाफेला ढकलू शकत नसे आणि कार्ब्युरेटर कोरडा पडे. वडील शिंग्रोबाच्या देवळाजवळ गाडी कडेला घेत, देवापुढे नाणे टाकत आणि बॉनेट उघडून पंपावर ओला फडका गुंडाळत. पंधरा मिनिटांत गाडी सुरू होई. आम्हा मुलांना वाटायचे की नाण्यामुळे होते.

हे सांगायचे कारण असे की त्या काळी गाडी बंद पडणार हे गृहीतच धरलेले असायचे. पाण्याचा कॅन, फडका, चाकाला लावायचा लाकडाचा ठोकळा या वस्तू डिकीत कायम असत. आताच्या गाड्या क्वचित बंद पडतात, म्हणून बंद पडल्या की चालकाला काय करावे तेच सुचत नाही.

हिरवी_टाकी

सीएनजीवाल्यांसाठी लिहितो. टाकीतला गॅस संपत आला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते. पण अनेकजण पेट्रोल भरतच नाहीत, खडखडाटावर गाडी चालवतात. मग घाटाच्या मध्यावर गॅस संपतो आणि गाडी ज्या पेट्रोलवर जाऊ पाहते ते टाकीच्या तळाशी असते किंवा नसतेच. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो, त्यामुळे पेट्रोल नेहमी तळाला ठेवले की पंपाचेही आयुष्य घटते. घाट लागण्याच्या आधीच बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्यावी आणि पाव टाकी पेट्रोल नेहमी असू द्यावे. हा सल्ला मला वीस किलोमीटर टोचन करून नेल्यानंतर मिळाला.

पाना_पकड

हिरवी टाकी यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो की पिकअप जाणे आणि गाडी बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझेल गाडीत टर्बोचा पाइप निसटला तर फुस्स असा आवाज येतो, मागून काळा धूर निघतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चालते, पण चालते. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर बिघडला किंवा बीएस-६ डिझेल गाडीतली काजळी पकडणारी जाळी तुंबली, तरी संगणक मुद्दाम ताकद कमी करून ठेवतो. अशा वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग नेहमीसारखेच असतात, त्यामुळे घाबरून भर रस्त्यात थांबू नये, डाव्या मार्गिकेतून सावकाश पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जावे. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचले असेल तर गाडी आधी झटके देते आणि मग बंद पडते. ते झटके दिसू लागले तेव्हाच थांबायचे असते.

आणि सेल मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, भुर्रकन फिरते आहे असे वाटले तर पुन्हा सेल मारूच नका. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते. बेल्ट तुटलेले इंजिन फिरवत राहिल्याने व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाते.

पावसाळी

सेल न मारण्याची आणखी एक जागा म्हणजे पाणी. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पुन्हा सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाची जादा जोड घेतलेली नसेल तर विमा कंपन्या हे नुकसान सहसा देत नाहीत.

मात्र मला इंजिनापेक्षा माणसांचे महत्त्वाचे वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत काही माणसे बंद पडलेल्या गाड्यांतच अडकून गेली. पाणी वाढत असेल तर गाडी सुरू करण्याच्या खटपटीत बसू नये. वीज चालू आहे तोवर काचा खाली घ्याव्यात, पट्टे सोडावेत आणि बाहेर पडावे. पाणी दाराच्या निम्म्याच्या वर गेले की दार उघडत नाही.

किल्ल्यांचा_जुडगा

पानापकड यांनी किल्लीचा उल्लेख केला म्हणून. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख लहान मोटारी परत बोलावल्या, त्यांत शेव्हर्ले कोबाल्ट होती. दोष असा होता की किल्लीच्या खाचेतली स्प्रिंग कमकुवत होती, आणि खड्ड्याचा धक्का बसला, गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा लटकत असला की किल्ली चालत्या गाडीत आपोआप मागे सरके. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद, ब्रेकची मदत बंद आणि एअरबॅगही बंद. भरपाईसाठी कंपनीने उभारलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. त्या गाड्या आपल्याकडच्या नाहीत, पण घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्या आणि वर एक पितळी गणपती अशा जुडग्यांनिशी गाडी चालवणारे आपल्याकडे ढिगाने आहेत, मीही त्यातलाच होतो. आता गाडीची किल्ली वेगळी ठेवतो. इंजिन बंद पडले आणि किल्ली मागे सरकलेली दिसली तर ती निदान ‘ऑन’ वर परत आणावी, म्हणजे एअरबॅग जिवंत राहतात.

दोन_चाकी

आम्हा मोटारसायकलवाल्यांकडे कोणी बघत नाही, म्हणून थोडक्यात. चालत्या गाडीत इंजिन जाम झाले तर मागचे चाक अडकते आणि गाडी घसरते. त्यामुळे विचित्र आवाज आला की पहिल्यांदा क्लच ओढावा. बाकी बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते. हातमोज्याचा अंगठा इंजिन बंद करण्याच्या लाल बटणाला लागलेला असतो, किंवा नव्या गाड्यांत साइडस्टँडचा सेन्सर चिखलाने भरून स्टँड खाली आहे असे समजतो आणि इंजिन बंद करतो. मी ताम्हिणीत भर पावसात तासभर प्लग पुसत बसलो होतो, आणि दोष त्या स्टँडचा होता.

श्वार्झवाल्ड

जर्मनीतून लिहितो आहे. इथे ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, पेट्रोल संपून गाडी थांबली तर दंड होतो, कारण ते टाळता येण्यासारखे होते असे मानतात. प्रत्येक गाडीत चमकणारे जाकीट ठेवणे २०१४ पासून सक्तीचे आहे, आणि ते डिकीत न ठेवता हाताशी ठेवावे असे शिकवतात, कारण डिकीपर्यंत जातानाच माणूस मरतो. कडेच्या खांबांवर छोटे बाण असतात, ते जवळचा मदतीचा दूरध्वनी कोणत्या दिशेला आहे हे दाखवतात. गाडी थांबली की सर्वांनी रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे जायचे असते. पुण्याला आलो की नेमके उलटे दिसते: बंद गाडीच्या बॉनेटमध्ये डोके खुपसून चार जण उभे आणि पाचवा रस्त्यावर उभा राहून फोन करतो आहे.

घाटवळण

मागच्या वाहनांना सावध करण्यासाठी रस्त्यावर ठेवायच्या त्रिकोणाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. गाडीपासून दहा पावलांवर ठेवलेला लाल त्रिकोण म्हणजे निव्वळ समाधान. ताशी १०० ने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटरवर असला तर त्या चालकाला दोन सेकंदही मिळत नाहीत. वेगवान रस्त्यावर तो शंभर पावलांच्याही पलीकडे हवा आणि घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल असा. ठेवायला जाताना त्रिकोण छातीसमोर धरून, रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. वाहने सलग येत असतील आणि कडेला जागा नसेल तर त्रिकोण ठेवायला जाऊच नये. दिवे चालू ठेवून माणसांना कठड्यापलीकडे न्यावे आणि ११२ ला, राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ ला फोन करावा. मधल्या मार्गिकेत गाडी अडकली आणि दोन्ही बाजूंनी वाहने पळत असतील, तर उतरण्यापेक्षा पट्टा लावून आत बसणे बरे, असे माझे मत आहे. यावर मतभेद असतील हे मान्य.

चढावर थांबताना आणखी एक. डावीकडे डोंगर असेल तर स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून ठेवावे. गाडी मागे सरकलीच तर तिची पाठ डोंगराला टेकते. डावीकडे दरी असेल तर अर्थातच असे करू नये.

मालवाहू

अगदी बरोबर. आणि दगड लावणाऱ्याने गाडीच्या मागे वाकून नव्हे, बाजूने दगड सरकवावा.

तिसरा_गिअर

सर्वांचे मनापासून आभार. काल गाडी गॅरेजमधून आली. दोष क्रँक सेन्सरचाच निघाला. तिथल्या माणसाने केस वाळवायच्या यंत्राने सेन्सर तापवून दाखवला. गार असताना गाडी चालू होत होती, तापल्यावर आरपीएमचा काटा पुन्हा शून्यावर. अंगठ्याएवढा काळा तुकडा. पत्नीने तो मागून घेतला आणि आता तो आमच्या फ्रिजवर आहे.

आज सकाळी सोसायटीच्या आवारात, गाडी उभी असताना, आम्ही दोघांनी ब्रेकची परीक्षा घेतली. इंजिन बंद करून पेडल दाबत-सोडत राहायचे. दोन वेळा मऊ, तिसऱ्या वेळी घट्ट, चौथ्या वेळी माझ्या ओळखीचे ते दगडासारखे कडक. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू केले की पेडल पायाखाली थोडे खाली बसते. म्हणजे बूस्टर ठीक आहे. पत्नीने कडक पेडलावर दोन्ही पाय ठेवून जोर काढून पाहिला आणि म्हणाली, "हे मला आधी माहीत असते तर त्या दिवशी मी तुमच्या तोंडाकडे पाहून एवढी घाबरले नसते."

लाल त्रिकोण शोधला तेव्हा तो डिकीत, स्टेपनीच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नऊ वर्षे न उघडलेला सापडला. तो आता चालकाच्या आसनाखाली आहे आणि त्याच्या शेजारी लाकडाचे दोन ठोकळे आहेत, म्हणजे पुन्हा कोणाचा दगड रस्त्यावर राहणार नाही.